‘बापावरच गेली आहे’: मुलीचा हा राग स्वभावाचा की घराचा?

दोघांची_आई

नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. लांबेल, सांभाळून घ्या.

मला दोन मुलं. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. नवरा पितो. आधी आठवड्यातून एकदा होतं, मग दोनदा, गेली पाच वर्षं जवळजवळ रोज. नोकरी टिकून आहे, त्यामुळे बाहेरच्यांच्या लेखी ‘थोडी घेतात’ एवढंच. हात उगारत नाही. पण आवाज चढतो, एकच गोष्ट दहा वेळा विचारतो, कधी दारातच कुणावर तरी चिडलेला येतो, तर कधी झोपलेल्या मुलांना उठवून त्यांचे लाड करतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही, किंवा आठवत नसल्यासारखं वागतो.

मागच्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. मुलीने शेजारी बसणाऱ्या मुलीच्या दंडाला चावा घेतला होता, अगदी वळ उठेपर्यंत. कारण काय, तर तिने हिची कंपासपेटी न विचारता उघडली. या सहामाहीतली ही तिसरी तक्रार. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बापावरच गेली आहे.” माझी आई फोनवर तेच म्हणाली. आणि त्या रात्री तिला रागावताना माझ्याही तोंडून तेच निघालं. ती एकदम गप्प झाली. आठ वर्षांत तिला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

ती जन्मल्यापासूनच अशी आहे, हेही सांगायला हवं. तेव्हा नवरा इतका पीत नव्हता. दुसऱ्या खोलीत भांडं पडलं तरी दचकून उठायची आणि मग तासभर रडायची. फ्रॉकचं लेबल टोचतं म्हणून कात्रीने कापून टाकावं लागायचं. नवीन माणूस आलं की किंचाळायची. हसली तरी तशीच हसते, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. मुलगा याच्या अगदी उलट. पाळण्यात ठेवला की झोपायचा. आजही कुणाला त्याचा त्रास नाही. अभ्यास स्वतः करतो, बाबांची गाडी खाली वाजली की बहिणीची खेळणी पॅसेजमधून उचलून ठेवतो. सगळे म्हणतात, किती गुणी आहे. हल्ली शाळेत जाताना पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

मला कळत नाही की तिचा राग रक्तातून आला आहे की आमच्या घरातून. रक्तातून असेल तर मी काय करणार? आणि घरातून असेल, तर त्याच घरात वाढलेला मुलगा इतका शांत कसा? सासूबाई म्हणतात, मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतं. गरोदरपणी मी कधी थेंबही घेतला नाही, हे सांगून ठेवते, कारण शाळेतल्या बाईंनी आडून आडून तेही विचारलं.

स्पष्ट_बोलते

ताई, सगळ्याचं मूळ नवरा आहे. मुलांना घेऊन बाहेर पडा. बाकीची चर्चा नंतर.

दोघांची_आई

तुमचं म्हणणं मनापासून आहे हे कळतंय. आज ते शक्य नाही, त्याची कारणं इथे लिहिता येणार नाहीत. उद्या शक्य होईलही. पण मुलगी आज आठ वर्षांची आहे.

वर्गाबाहेरची_खुर्ची

मी चौदा वर्षं शाळेत समुपदेशक आहे. तक्रार झालेली मुलं माझ्या खोलीबाहेरच्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून हे नाव. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी एक गोष्ट सांगते. त्या रात्री तोंडातून जे निघालं ते परत घेता येतं. तिच्याजवळ बसा आणि सरळ म्हणा, “मी तुला बाबांसारखी म्हणाले, ते चुकलं. तुला राग लवकर येतो, तो तुझा आहे. बाबांना दारूचा आजार आहे, ती वेगळी गोष्ट आहे.” आठ वर्षांच्या मुलीला हे पुरतं कळतं. मुलीच्या मनात ‘बापावर गेली’ याचा अर्थ ‘माझंही असंच होणार’ असा होतो. आपल्याला वाटतं आपण स्वभावाबद्दल बोललो, तिने मात्र भविष्य ऐकलेलं असतं.

आता रक्त की घर. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ पतिपत्नींनी बाळांचा अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. त्या काळी मुलाचं काहीही बिघडलं की आईला धरलं जायचं. या दोघांना दिसलं की बाळं जन्मतःच सारखी नसतात. झोपेभुकेची वेळ ठरलेली आहे का, नव्याला सामोरं जातं की मागे हटतं, आवाज-स्पर्श किती बोचतो, प्रतिक्रिया किती जोरात येते, अशा नऊ गोष्टी त्यांनी पाहिल्या. साधारण ४० टक्के बाळं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, उरलेली सरमिसळ. तुम्ही लेबलाचं, दचकण्याचं, किंचाळण्याचं आणि मोठ्याने हसण्याचं जे लिहिलंत, त्यातलं बरंच त्या १० टक्क्यांच्या वर्णनाशी जुळतं. त्यात तुमचा दोष नाही, तिचा तर नाहीच.

पण त्या दोघांचं खरं म्हणणं याच्या पुढे होतं. अवघड स्वभाव म्हणजे बिघाड नव्हे. त्या स्वभावाचा भोवतालच्या माणसांशी मेळ बसला नाही, की वागण्याच्या तक्रारी सुरू होतात. तुमच्या मुलीला काय लागतं? आधी सूचना, ठरलेली वेळ, कमी आवाज, आणि ती उसळली तरी स्वतः न उसळणारा मोठा माणूस. पिणाऱ्या माणसाच्या घरात नेमक्या याच चार गोष्टींची वानवा असते. तेच घर मुलाला कमी बोचतं, कारण त्याची गरजच वेगळी आहे. एका छताखाली राहूनही दोघं एका घरात वाढत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकायला कडू आहे. मूल आणि पिणारा पालक यांचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. विल्यम पेल्हम आणि अ‍ॅलन लँग यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. काही मुलांना शिकवून ठेवलं की मोठ्यांसमोर अतिशय उच्छाद मांडायचा. त्यांच्यासोबत थोडा वेळ घालवल्यावर त्या मोठ्यांनी जास्त दारू घेतली. याचा अर्थ मुलं दारू प्यायला लावतात असा मुळीच काढू नका. बाप थकून येतो, मुलगी किंचाळते, तो ओरडतो, ती आणखी किंचाळते, तो उठून बाटली काढतो, आणि सगळ्यांना वाटतं की सुरुवात तिने केली. जेराल्ड पॅटरसन यांनी या चक्राचं बारीक वर्णन केलं आहे: मूल आवाज चढवतं, मोठा माणूस कंटाळून सोडून देतो, मूल शिकतं की आवाज चढवला की सुटका होते. मोठा माणूसही तेच शिकतो. अशी मुलगी शाळेत कंपासपेटीसाठी चावली, तर मला नवल वाटत नाही. तिच्या घरात तिची म्हणावी अशी जागा बहुधा तेवढीच आहे.

सासूबाईंच्या ‘लहान आहेत’ला उत्तर: मिशिगनमधल्या रॉबर्ट झकर यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवलं की शाळेत जायच्या वयाआधीची मुलंसुद्धा दारू नुसत्या वासावरून ओळखू शकतात, आणि ज्यांचे आईबाप जास्त पितात त्यांना ते अधिक जमतं.

आता मुलाबद्दल. मला तिच्यापेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. तपासणीत काही न निघणारं पोट, गाडीच्या आवाजावर लागलेला कान, खेळणी उचलून ठेवणं, हे शांतपण नव्हे, ही ड्यूटी आहे. माझ्या खुर्चीत चावणारी मुलं येतात, कारण त्यांच्यामुळे वर्ग अडतो. पोट दुखणाऱ्या मुलांना कुणी पाठवत नाही, मला त्यांना शोधत जावं लागतं.

एक काम सुचवते. तीन आठवडे एक वही ठेवा. ती उसळली की वेळ लिहा आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं ते लिहा. त्याच पानावर मुलाच्या पोटदुखीची वेळही. निष्कर्ष काढायला जाऊ नका, नुसतं लिहा.

मोठा_भाऊ

मी तुमचा मुलगा आहे. म्हणजे, तीस वर्षांपूर्वी होतो.

माझे वडील प्यायचे. धाकटी बहीण तुमच्या मुलीसारखी होती, आदळआपट करणारी. मी गुणी. मला बाबांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं की आज किती झाली आहे. दोन्ही पावलं सारखी वाजली तर ठीक. एक घासत आली, तर मी बहिणीला आत न्यायचो, रेडिओ बारीक करायचो, आईच्या चेहऱ्याकडे बघायचो. कुणी मला हे सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, याच्यामुळे घर चाललंय. मी नऊ वर्षांचा होतो.

बहिणीने सगळं बाहेर काढलं. ती ओरडली, तिला मार बसला, तिला शाळेतून काढायची वेळ आली, मग एका मावशीने तिला सुट्टीत आपल्याकडे न्यायला सुरुवात केली. तिची तक्रार झाली म्हणून तिच्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. आज ती ठीक आहे. अजून तापट आहे, पण तिचा राग दहा मिनिटांत संपतो आणि तिच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की तो संपतो.

माझं उलट झालं. मला पस्तिसाव्या वर्षापर्यंत कळलंच नाही की मला काय हवं असतं. बायको विचारायची, कुठे जाऊया, आणि मी तिचा चेहरा वाचायचो. ऑफिसात साहेबांनी दार जरा जोरात लावलं की माझ्या पोटात गोळा यायचा, तोच जुना. मी कधी दारूला शिवलो नाही, म्हणून मला वाटायचं मी सुटलो.

मला मदत मिळाली ती उशिरा, अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीत. मद्यपींच्या कुटुंबीयांचा हा गट १९५१ पासून चालतो, आणि किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलाटीन १९५७ पासून. तिथे पहिल्यांदा ऐकलं की हे मी घडवलेलं नाही, माझ्या ताब्यातलं नाही, आणि मी बरं करू शकणार नाही. अडतीस वर्षांचा माणूस रडला. नऊ वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगितलं असतं, तर ती एकोणतीस वर्षं वाचली असती.

ताई, तुम्ही त्याला ‘किती गुणी’ म्हणणं थांबवाल का? रागावू नका. त्याने खेळणी उचलली की म्हणा, “राहू दे, ते माझं काम आहे.” एकदा म्हणून भागणार नाही. त्याला आधी वाटेल त्याची नोकरी गेली. रोज म्हणा. आणि त्याला बाबांबद्दल काही विचारू नका. ‘आज मूड कसा आहे रे’ हे माझी आई मला विचारायची. तिलाही दुसरं कुणी नव्हतं, हे आता कळतं.

दोघांची_आई

मी विचारते. परवाच विचारलं होतं.

थोडा वेळ लागेल मला पुढचं लिहायला.

चार_वर्षं_बंद

मी दुसऱ्या बाजूचा. बाप. चार वर्षं आणि दोन महिने झाले, घेतलेली नाही.

आम्हाला एकच मुलगा, तुमच्या मुलीच्या जातीचा. त्याचं रडणं मला सहन व्हायचं नाही. मी त्यालाच कारण केलं होतं. ‘घरात पाय ठेवला की कटकट, म्हणून बाहेर बसतो.’ हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की माझाच त्यावर विश्वास बसला होता. वरती त्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि पोटात ढवळलं. त्या मोठ्या माणसांसमोर मुलं नाटक करत होती. माझा मुलगा पाच वर्षांचा होता आणि त्याला खरोखर भीती वाटत होती.

दोन गोष्टी सांगतो, कारण त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

नवरा कधी सोडायला तयार झाला, तर ‘आजपासून एकदम बंद’ असं घरच्या घरी करू देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. आणि कुणी सांगितलं की जेवणात गुपचूप औषध मिसळा, तर ऐकू नका. त्या गोळ्या माणसाला न सांगता दिल्या आणि वर त्याने प्यायली, तर ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट. मी सोडल्यावर मुलगा सुधारेल असं मला वाटलं होतं. पहिले चार-पाच महिने तो जास्तच बिथरला. मी शांत बसलो की मुद्दाम काहीतरी फोडायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, आता तर मी पीत नाही, आता काय हवंय याला? आमच्या समुपदेशकांनी सांगितलं, तो तपासतोय की हा बाप टिकणार आहे का. तुमचा शब्द त्याने इतक्या वेळा मोडताना पाहिला आहे, त्याला पुरावा हवा आहे. तो पुरावा द्यायला मला वर्ष लागलं. आता तो नऊचा आहे. चिडतो अजून. पण चिडून खोलीत गेला की परत बाहेर येतो आणि माझ्या शेजारी बसतो. हे शेजारी बसणं मला आधी माहीत नव्हतं.

वर्गाबाहेरची_खुर्ची

दादा, तुम्ही हे लिहिलंत, फार मोलाचं आहे. याला आधारही आहे. रुडॉल्फ मूस आणि अँड्र्यू बिलिंग्ज यांनी १९८२ मध्ये दारू सुटलेल्या आणि पुन्हा सुरू झालेल्या पालकांच्या मुलांची तुलना केली होती. ज्यांची सुटली त्यांची मुलं आजूबाजूच्या इतर मुलांसारखीच दिसली. पुन्हा पिणाऱ्यांच्या मुलांमध्ये उदासी आणि चिंता जास्त होती. झालेलं नुकसान कायमचं असतंच असं नाही.

ताईंनी रक्ताचं विचारलं होतं, ते माझ्याकडून अर्धंच राहिलं. व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेले पुरुष पाहिले. ज्यांचे जन्मदाते मद्यपी होते त्यांच्यात १८ टक्के मद्यपी झाले, इतरांत ५ टक्के. म्हणजे जवळपास चौपट. पण त्याच आकड्यात १०० पैकी ८२ जण झाले नाहीत, तेही वाचा. आणि हा आकडा दारूचा आहे, रागाचा नाही. आठ वर्षांच्या मुलीचा चावा त्यातून सिद्ध होत नाही.

हवाईमधल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात ४९ मुलांचे पालक मद्यपी होते. अठराव्या वर्षापर्यंत त्यातल्या ४१ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, ५९ टक्के मुलांना नाही. निभावून नेलेली मुलं बाळपणी लाघवी होती, चटकन कडेवर घ्यावीशी वाटणारी, आणि अगदी सुरुवातीच्या काळात त्यांच्या वाट्याला माणसाचं भरपूर लक्ष आलं होतं. यात एक खोच आहे. लाघवी बाळाला लोक आपसूक माया देतात. किंचाळणाऱ्या बाळाला ती कुणीतरी ठरवून द्यावी लागते. तुमच्या मुलीची गरज मोठी आणि मिळकत कमी, असं आठ वर्षं चाललेलं असू शकतं.

आणि ज्यांना सगळं जास्त बोचतं अशा मुलांबद्दल मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की १९९७ पासून एक मांडणी करत आले आहेत, ती मला माझ्या कामात पुन्हा पुन्हा दिसते. अशी मुलं वाईट वातावरणात इतरांपेक्षा जास्त पोळतात, पण चांगल्या वातावरणाचा फायदाही इतरांपेक्षा जास्त उचलतात. तिच्या बाबतीत तुम्ही केलेली लहानशी गोष्टही वाया जाणार नाही.

लहानशी म्हणजे काय? स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी मद्यपींची कुटुंबं पाहिली तेव्हा एक गोष्ट दिसली. काही घरांत एकत्र जेवणं, वाढदिवस, सुट्टीचे ठरलेले दिवस दारूमुळे मोडीत निघत होते. काही घरांत पिणारा माणूस आला काय, न आला काय, ते ठरल्या वेळी होतच राहिलं. दुसऱ्या प्रकारच्या घरांत व्यसन पुढच्या पिढीत कमी उतरलं. घरात एक गोष्ट अशी ठेवा जी दारूच्या हातात नाही. पंधरा मिनिटांची चालेल.

दोघांची_आई

साडेतीन आठवडे झाले. वही ठेवली.

मला वाटलं होतं, तो जास्त पिऊन आला की दुसऱ्या दिवशी ती उसळत असेल. तसं नाही. एकवीस दिवसांत अकरा वेळा उसळली. त्यातल्या आठ वेळा संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये. त्या वेळात नवरा घरात नसतो. यायचा असतो. कोणता येणार हे कुणाला माहीत नसतं. मी त्या वेळात काय करत असते तेही लिहिलं, कारण ‘आधीच्या अर्ध्या तासात काय झालं’ लिहायचं होतं. मी दोनदा फोन करते. खिडकीशी जाते. भांडी जोरात ठेवते. तिला म्हणते, ‘लवकर आवर, बाबा येतील.’ रोज. मला वाटत होतं मी शांत असते.

मुलाचं पोट सकाळचं नव्हतं. तेही त्याच वेळेला सुरू होतं, फक्त तो सांगतो सकाळी.

शाळेतले चावे मी जुन्या तारखा काढून बघितले. तीनपैकी दोन, आदल्या रात्री नवऱ्याने झोपेतून उठवून लाड केले होते तेव्हाचे. ओरडण्याच्या रात्रींनंतर नाही, लाडाच्या रात्रींनंतर. हे मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित अर्धवट झोपेचं असेल. कदाचित तिची पेटी कुणी न विचारता उघडावी, तसंच ते असेल.

आता सातला आम्ही तिघं आतल्या खोलीत जातो. मी वाचते, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवते, पुस्तक संपलं की तिने विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. फोन बाहेर ठेवते. पहिल्या दिवशी मुलगा दाराकडे तोंड करून बसला होता. सहाव्या दिवशी त्याने पाठ फिरवली. मी काही बोलले नाही. नवऱ्याला सकाळी, शुद्धीत असताना, सांगितलं की नऊनंतर मुलांच्या खोलीत यायचं नाही. चिडला. दोनदा मोडलं, एकदा मी दारात उभी राहिले. बाकीचे दिवस पाळलंय.

तिची माफी मागितली. तिने विचारलं, “म्हणजे मला दारूचा आजार नाही?” आठ वर्षांच्या मुलीने. मी नाही म्हणाले. मग तिने विचारलं, “आणि राग?” मी म्हणाले, राग आहे, तो मलाही आहे. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

या आठवड्यात दोनदाच उसळली. मागच्या आठवड्यात पाच वेळा होती. फार काही म्हणत नाही यावर.

मोठा_भाऊ, तुमची पोस्ट मी रोज वाचते. मुलाला दोघांसमोरच सांगितलं की बाबांना आजार आहे, तो कुणामुळे झालेला नाही, आणि बाबांवर लक्ष ठेवायचं काम त्याचं नाही. तो म्हणाला, “मग कुणाचं?” मी म्हणाले, मोठ्यांचं. तो म्हणाला, “पण तू झोपून जातेस.”

गुरुवारी शाळेतल्या समुपदेशकांची वेळ घेतली आहे. दोघांसाठी. मी तिच्यासाठी मागत होते, त्यांनी विचारलं आणखी कुणी आहे का, तेव्हा त्याचंही नाव सांगितलं. त्याने विचारलं, त्या दिवशी बाबा घरी लवकर आले तर खेळणी कोण उचलेल. पडून राहू देत, मी म्हणाले.

मोठा_भाऊ

‘पण तू झोपून जातेस’ यावर तुम्ही काय म्हणालात?

दोघांची_आई

त्याच्या खोलीत गादी घातली आहे. सध्या मी तिथे झोपते, दाराच्या बाजूला.